ई-मेल स्टेशनरी म्हणजे काय आणि हिमरू-पैठणीच्या नक्षीतून ती घरी कशी बनवायची?

ई-मेल स्टेशनरी म्हणजे ई-मेलच्या मजकुरामागे दिसणारा सजवलेला 'कागद'. छापील लेटरहेडवर जसं बोधचिन्ह, रंगीत पट्टी आणि ठरलेला समास असतो, तसंच इथेही असतं. फरक इतकाच की हा कागद म्हणजे फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेलं एक छोटं चित्र असतं. लग्नाचं आमंत्रण, गणेश मंडळाची वर्गणीची विनंती, दिवाळीच्या शुभेच्छा किंवा छोट्या दुकानाचं दरपत्रक पाठवणाऱ्याला ते उपयोगी पडतं. तेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमागे किंवा इन्स्टाग्रामच्या स्टोरीतही चालतं. त्यामुळे तुम्ही ई-मेल फारसा लिहीत नसाल, तरी पुढची कृती तुमच्या कामाची आहे.

ही कल्पना नवी नाही. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर आलेल्या आउटलुक एक्स्प्रेसमध्ये तयार स्टेशनरी मिळायची. 'आयव्ही', 'सनफ्लॉवर', 'सिट्रस पंच' अशी तिची नावं होती. सायबर कॅफेच्या काळात ज्यांनी पहिला ई-मेल पाठवला, त्यांच्यापैकी अनेकांना डावीकडे वेलबुट्टी आणि उजवीकडे निळ्या अक्षरांतला मजकूर आठवत असेल. इन्क्रेडिमेल नावाच्या प्रोग्रामने तर हलणारी फुलं आणि उडणारी पाखरं आणली. तो २०२० मध्ये बंद झाला. दरम्यान आउटलुकने २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवण्याचं काम वर्डच्या यंत्रणेकडे दिलं आणि मागची चित्रं बऱ्याच ठिकाणी दिसेनाशी झाली. लोक मोबाइलवर मेल वाचू लागले, तेव्हा उरलीसुरली हौसही मागे पडली.

तरीही सजवलेले मेल येतातच, आणि त्यांतले बरेचसे धड वाचता येत नाहीत. गडद लाल पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं, त्यात गणपती, त्यात दिवे, आणि मुहूर्त ११ वाजताचा की १९ तारखेचा हे शोधायला चष्मा बदलावा लागतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा सरळ फोन करून विचारतात. म्हणजे पाठवलेलं आमंत्रण वायाच गेलं. मागचं चित्र मागेच कसं ठेवायचं, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरपेक्षा चांगली शाळा शोधून सापडणार नाही.

कागद आणि नक्षी, दोन्हींचं गाव

शहरातून दौलताबादमार्गे खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. नावातच व्यवसाय आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. त्या लोंढ्याबरोबर कागद बनवणारे कारागीर इथे आले असं सांगितलं जातं. चिंध्या आणि सुती कचरा कुटून लगदा करायचा, तो पाण्यात ढवळून जाळीवर पातळ थरात उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा, अशी ही हातकागदाची पद्धत. खळ लावून घोटल्यामुळे बोरूची शाई पसरत नाही. जुन्या मराठी कागदपत्रांच्या संदर्भात जुन्नरी कागदाबरोबर दौलताबादी कागदाचं नाव येतं, ते याच परिसरामुळे.

या कागदाकडे जवळून पाहिलं तर लगद्यातले धागे, किंचित जाड-पातळ भाग आणि कडेची ओबडधोबड झालर दिसते. नक्षी कुठलीच नाही, तरी तो कोरा वाटत नाही. ई-मेलच्या मागे ठेवायला याहून सोयीचा पोत नाही.

दुसरी वस्तू हिमरू. सूत आणि रेशीम यांचं हे विणकाम किनखाबाची आठवण करून देतं, पण किनखाबातली जड जर त्यात नसते. वेली, फुलं, फळं, कुयऱ्या ओळीने पुन:पुन्हा येतात. जुन्या मागावर एक जण विणायचा आणि दुसरा नक्षीसाठी वरचे धागे ओढायचा. पुढे पंच केलेल्या पुठ्ठ्यांचा जॅकार्ड माग आला. दोन्हींत तत्त्व एकच: नक्षीचा एक तुकडा बांधून घ्यायचा आणि तोच पुन:पुन्हा विणायचा. संगणकावर ज्याला 'टाइल' म्हणतात ती हीच.

तिसरी, शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या पैठणची पैठणी. तिची रचना पाहा. अंगावर एकरंगी पोत आणि फार तर लहान बुट्ट्या. सगळा थाट काठात आणि पदरात: नारळी काठ, मुनिया, आसावली, बांगडी मोर. अंगभर मोर विणले असते तर पदराकडे कुणी पाहिलं नसतं. मला विचाराल तर ई-मेल स्टेशनरीचं अख्खं शास्त्र एवढ्यात आलं. मजकुराची जागा म्हणजे साडीचं अंग. नक्षी काठात आणि पदरात राहू द्या.

बीबी का मकबऱ्यातली संगमरवरी जाळीही या कामासाठी उत्तम आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्या कबरीभोवती अष्टकोनी जाळीदार कठडा आहे, आणि भौमितिक आकार संगणकाला फार आवडतात. शंभरेक किलोमीटरवरच्या अजिंठ्यात क्रमांक १, २ आणि १७ च्या लेण्यांच्या छतांवर चौकोनांत कमळं, फळं, हंस, वेली रंगवल्या आहेत. बुद्धाच्या चित्रावर भाड्याच्या खोल्यांची जाहिरात छापणं विचित्र दिसेल. छतावरच्या कमळाला ती अडचण नाही.

फोटो घेताना

कागदाचा फोटो दुपारच्या उन्हात किंवा फ्लॅश मारून घेऊ नका. समोरून प्रकाश पडला की पोत सपाट होतो. सकाळी खिडकीशी कागद आडवा ठेवा, प्रकाश एका बाजूने येऊ द्या. धाग्यांच्या बारीक सावल्या पडतील आणि कागद कागदासारखा दिसेल. घरी स्कॅनर असेल तर ३०० डीपीआयवर केलेला स्कॅन साध्या कामाला पुरतो.

हिमरूची शाल किंवा पैठणीचा काठ सपाट जमिनीवर पसरून बरोबर वरून टिपा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात रेघांची चौकट, म्हणजे ग्रिड, चालू केली की तिरकेपणा लगेच कळतो. विणलेल्या कापडाच्या फोटोत कधीकधी नसलेले लहरी पट्टे उमटतात. धाग्यांची जाळी आणि कॅमेऱ्यातल्या पिक्सेलची जाळी एकमेकींवर आल्यामुळे असं होतं. थोडं मागे-पुढे सरकून पुन्हा फोटो घेतला की बहुतेक वेळा ते जातात. फोटो लहान करताना पट्टे आले, तर आधी एक पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्या आणि मग लहान करा.

अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि आत अंधार असतो. तिथला फोटो धूसर येणारच. नक्षीचा आकार आणि रंग तेवढे फोटोवरून घ्या, कमळ स्वतः रेखाटून घ्या. काम जास्त आहे, पण मिळालेली नक्षी स्वच्छ असते.

सॉफ्टवेअर कुठलं?

फोटोशॉप असेल तर उत्तम, पण या कामासाठी ते विकत घ्यायची गरज नाही. १९९६ पासून मोफत मिळणारं गिंप पुरेसं आहे. काही इन्स्टॉल करायचं नसेल तर फोटोपी हे ब्राउझरमध्ये चालतं आणि त्याचे मेनू जवळपास फोटोशॉपसारखेच आहेत. खाली मेनूंची नावं गिंपची दिली आहेत. फोटोशॉपचं वेगळं असेल तिथे तेही सांगितलं आहे.

नक्षीचा एक तुकडा कसा पकडायचा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जाऊ द्यावा.

आधी फोटो सरळ करा. गिंपमध्ये 'पर्स्पेक्टिव्ह' हत्यार आहे, फोटोशॉपमध्ये 'पर्स्पेक्टिव्ह क्रॉप'. बुट्ट्यांच्या ओळी आडव्या-उभ्या रेघांना समांतर आल्या पाहिजेत.

आता पुनरावृत्ती शोधा. हिमरूच्या बुट्ट्या बहुधा विटांच्या भिंतीसारख्या असतात: पहिल्या ओळीतल्या दोन बुट्ट्यांच्या मधल्या जागेखाली दुसऱ्या ओळीतली बुट्टी येते. अशा नक्षीत एकाच बुट्टीभोवती चौकोन कापला, तर टाइल केल्यावर सगळ्या बुट्ट्या एकाखाली एक येतात आणि कापडाची ओळखच हरवते. त्याऐवजी एका बुट्टीच्या मध्यापासून त्याच ओळीतल्या पुढच्या बुट्टीच्या मध्यापर्यंत रुंदी घ्या. उंची मात्र एक ओळ सोडून खालच्या ओळीपर्यंत घ्या. या चौकोनाच्या मध्यभागी एक पूर्ण बुट्टी येईल आणि चार कोपऱ्यांत चार पाव बुट्ट्या. टाइल केल्यावर पाव बुट्ट्या जुळून पूर्ण होतील.

हातमागाच्या कापडात हे अंतर कधीच अगदी एकसारखं नसतं. म्हणून एका बुट्टीपासून सहाव्या बुट्टीपर्यंतचं अंतर 'मेझर' हत्याराने मोजा आणि पाचाने भागा. येणारी सरासरी रुंदी घेतली की सांधा बराचसा जुळतो. उरलेला सांधा हाताने बुजवायचा.

त्यासाठी 'लेयर' मेनूतल्या 'ट्रान्सफॉर्म'मध्ये 'ऑफसेट' आहे. फोटोशॉपमध्ये ते 'फिल्टर' मेनूत 'अदर'च्या खाली मिळेल. चित्र अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवा आणि 'रॅप अराउंड' निवडा. टाइल ४०० बाय ४०० पिक्सेल असेल तर आकडे २०० आणि २००. चित्राच्या कडा आता मध्यभागी येतात आणि सांध्याची अधिक चिन्हासारखी रेघ समोर दिसते. 'हील' किंवा 'क्लोन' हत्याराने ती पुसा. नव्या कडांना हात लावू नका, कारण त्या मुळात एकमेकींना चिकटलेल्याच होत्या. गिंपमध्ये 'टाइल सीमलेस' नावाचा फिल्टर हे एका क्लिकमध्ये करतो, पण दोन चित्रं एकमेकांवर विरघळवून. कागदाच्या पोताला तो चालतो. हिमरूच्या फुलांची मात्र भुतं होतात.

तपासायला चित्र 'कॉपी' करा. गिंपच्या पॅटर्नच्या यादीत ते आपोआप येतं. नवी मोठी फाइल उघडून 'बकेट फिल'ने भरा आणि स्क्रीनपासून चार पावलं मागे जा. एखादा डाग किंवा ठळक पाकळी पुन:पुन्हा ओळीने दिसली, तर मूळ टाइलमध्ये जाऊन ती काढा.

मकबऱ्याच्या जाळीसारखी षटकोनी नक्षी असेल तर थोडं गणित लागतं. मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन चौकोनी टाइलमध्ये बसत नाहीत, कारण रुंदी आणि उंचीचं प्रमाण १ : १.७३२ लागतं. टोक वर असलेला षटकोन १०० पिक्सेल रुंद असेल तर टाइल १०० बाय १७३ पिक्सेलची घ्या. हे प्रमाण पाळलं की फोटोची कापाकापी न करता जाळी सरळ रेघांनी नव्याने काढता येते, आणि ती फोटोपेक्षा कितीतरी नेटकी दिसते.

फिकट किती करायचं?

बहुतेक जण लेयरची 'ओपॅसिटी' कमी करतात आणि डोळ्यांना बरं वाटेल तिथे थांबतात. याहून खात्रीची रीत 'कलर्स' मेनूतल्या 'लेव्हल्स'मध्ये आहे. तिथे खाली 'आउटपुट लेव्हल्स'चे दोन आकडे असतात, ० आणि २५५. त्यातला ० बदलून २१५ करा. आता चित्रातला सगळ्यात गडद ठिपकासुद्धा २१५ च्या खाली जाणार नाही. नक्षी दिसेल, पण कुजबुजल्यासारखी.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी तो किमान ४.५ : १ असावा असं सांगितलं आहे. आपल्या हातकागदाचा साय-पांढरा रंग लाल २५०, हिरवा २४५, निळा २३५ असा धरू. त्यावर गडद तपकिरी अक्षरं, म्हणजे ८५, ४०, ३०, ठेवली तर प्रमाण सुमारे ११ येतं. नक्षीच्या २१५ च्या ठिपक्यावरही ते साडेआठच्या आसपास राहतं. आता त्याच कागदावर लग्नपत्रिकेची लाडकी सोनेरी अक्षरं ठेवा, म्हणजे २००, १६०, ६०. प्रमाण सव्वादोन. सोनेरी रंग काठाला द्या, तारखेला नको.

देवनागरीसाठी वेगळी काळजी का?

इंग्रजीसाठी लिहिलेल्या शिकवण्यांत ही गोष्ट येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. देवनागरीत अर्थ बदलणाऱ्या खुणा अक्षराच्या वर आणि खाली असतात: अनुस्वार, रफार, मात्रा, रुकार. बुट्टीचा एखादा ठिपका बरोबर शिरोरेघेच्या वर आला, तर 'कार्यक्रमात भाग घ्या' याचं 'भांग घ्या' होतं. होळीला चालेल. उलट गडद वेलीत अनुस्वार बुडाला तर 'रंग'चा 'रग' होतो. आकड्यांत १ आणि ९ घाईत सारखे वाटतात.

त्यामुळे तीन गोष्टी पाहाव्यात. नक्षीतली फुलं अक्षरांच्याच मापाची नकोत. ती अक्षरापेक्षा बरीच मोठी आणि फिकट असावीत, नाहीतर कागदाच्या धाग्यांसारखी अगदी बारीक. डोळा सारख्या मापाच्या आकारांत गोंधळतो. मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको, आणि ज्येष्ठांसाठी १८ बरा. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर बसणार नाहीत.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेलं पत्र समोरच्याकडे तो फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतं. सुंदर नवा फाँटही फक्त तुमच्या संगणकावर असेल तर समोरच्याला दिसणार नाही. विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआय असतोच, त्यामुळे तो सुरक्षित.

सजावटीचं शीर्षक, म्हणजे 'शुभविवाह' वगैरे, चित्रात घालायला हरकत नाही. जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप' विभागात जाऊन दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडा. पण तारीख, वेळ, पत्ता, फोन नंबर चित्रात कोंबू नका. चित्र उघडलं नाही तर ते दिसत नाहीत, शोधून सापडत नाहीत, पत्त्यावर बोट ठेवून नकाशा उघडता येत नाही, आणि दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर ते वाचून दाखवू शकत नाही.

डावा काठ की वरचा पदर?

जुन्या स्टेशनरीची ओळख म्हणजे डावीकडची उभी पट्टी. तिच्यामागची युक्ती मजेशीर होती. मेल प्रोग्राम मागचं चित्र आडवं-उभं दोन्हीकडे पुन:पुन्हा लावायचा. त्यामुळे १२० पिक्सेलचा काठ तेवढाच कापून दिला तर तो सगळ्या पानभर पसरायचा. म्हणून चित्र २००० पिक्सेल रुंद आणि नक्षीच्या एका तुकड्याइतकंच, समजा १०० पिक्सेल, उंच करायचं. डावीकडचे १२० पिक्सेल नारळी काठ, बाकी सगळं कोरं साय-पांढरं. एवढं रुंद चित्र बहुतेक नेहमीच्या स्क्रीनवर आडवं दुसऱ्यांदा येत नाही, आणि खाली मात्र साखळीसारखं जुळत जातं. कोऱ्या भागाला फाइलमध्ये जागाच लागत नसल्यामुळे वजनही थोडंच भरतं. मजकुराचा डावा समास मात्र १५० पिक्सेल ठेवावा लागतो.

हे सगळं संगणकापुरतं ठीक. मोबाइलच्या ब्राउझरला स्क्रीनची रुंदी साधारण ३६० ते ४०० पिक्सेल वाटते. त्यातले १२० काठाने खाल्ले तर मजकुराला उरतं काय? म्हणून आज मी डावा काठ कुणालाच सुचवणार नाही. त्याऐवजी पदर वर घ्या: ६०० पिक्सेल रुंद आणि १०० ते १५० पिक्सेल उंच आडवी पट्टी, तिच्याखाली साध्या कागदावर मजकूर, आणि शेवटी पुन्हा बारीक काठ. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात, तेही कोपऱ्यांनाच; मजकुरावर कुणी लावत नाही. कुंकवाच्या बोटाचा फोटो काढून वरच्या पट्टीच्या दोन कोपऱ्यांत तो ठेवला तर आमंत्रण घरचं वाटतं.

मेलमध्ये बसवायचं कसं?

फोटोसारखं चित्र जेपेग म्हणून जतन करा, सपाट रंगांची जाळी पीएनजी म्हणून. वेबपी टाळा, संगणकावरच्या आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांना ते जमत नाही. टाइल किंवा पट्टी ५० केबीच्या आसपास आली पाहिजे. गावाकडच्या नेटवर ३ एमबीची पार्श्वभूमी उघडेपर्यंत वाचणारा दुसऱ्या मेलवर गेलेला असतो.

जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये नवा मेल उघडून 'ऑप्शन्स' टॅबवर 'पेज कलर' आणि त्यात 'फिल इफेक्ट्स' निवडा. 'टेक्श्चर' किंवा 'पिक्चर'मध्ये तुमची टाइल देता येते. मेलचं स्वरूप एचटीएमएल हवं. मोफत मिळणाऱ्या थंडरबर्डमध्ये लिहिण्याच्या खिडकीत 'फॉरमॅट' मेनूत 'पेज कलर्स अँड बॅकग्राउंड' आहे. एकदा तयार झालं की टेम्प्लेट म्हणून जतन करा, दर वेळी सगळं परत करावं लागणार नाही.

जीमेलच्या 'कंपोज' खिडकीत मागे चित्र लावायची सोयच नाही. तिथे पदर-काठाची रचना उपयोगी पडते, कारण पट्टी हे साधं मजकुरातलं चित्र असतं. वरची पट्टी 'इन्सर्ट फोटो'ने मजकुराच्या ओळीत घाला, खालचा काठ सेटिंग्जमधल्या 'सिग्नेचर'मध्ये ठेवून द्या. 'अ‍ॅडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये 'टेम्प्लेट्स' चालू केलं की अख्खा साचा जतन होतो. अशा पट्ट्या मोबाइलवर, संगणकावर, जवळपास सगळीकडे दिसतात.

डार्क मोड ही नवी डोकेदुखी आहे. काही मेल अ‍ॅप रात्रीच्या मोडमध्ये तुमची गडद अक्षरं आपणहून फिकट करतात, पण मागचं चित्र तसंच ठेवतात. साय-पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं उरतात. मागे पूर्ण टाइल लावली असेल तर हा धोका मोठा. पट्ट्यांच्या रचनेत तो जवळपास नाही, कारण मजकुरामागे चित्रच नसतं. पट्टीची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवू नका, काळ्यावर काळी वेल हरवते.

तेच साहित्य समाज माध्यमांसाठी वापरायचं तर माप बदला. स्टोरी किंवा स्टेटससाठी १०८० बाय १९२० पिक्सेलची फाइल घेऊन टाइलने भरा. वर-खाली अ‍ॅपची बटणं येतात, तिथे मजकूर नको. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमागे हातकागदाचा नुसता पोत छान दिसतो. तिथे निरोपांना स्वतःचे रंगीत चौकोन असल्यामुळे हिमरूसुद्धा थोडी गडद चालते.

कुणाची नक्षी, कुणाचा फोटो?

मकबऱ्याच्या जाळीवर किंवा अजिंठ्याच्या छतावर आज कुणाचा कॉपीराइट नाही. पण दुसऱ्याने काढलेल्या त्यांच्या फोटोवर असतो, आणि भारतात तो छायाचित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतो. गुगलवर सापडलेलं चित्र कापून घेणं म्हणूनच टाळा. स्वतःचा फोटो काढा, किंवा मुक्त परवान्याचं चित्र घेऊन परवान्यात सांगितल्याप्रमाणे नाव द्या. लेटरहेड भारदस्त दिसावं म्हणून काही जण अशोकस्तंभाचे सिंह वर लावतात. २००५ च्या कायद्यानुसार राजमुद्रेचा असा खासगी वापर करता येत नाही.

दुकानातल्या शालीचा किंवा विणकराच्या मागावरच्या पैठणीचा फोटो घ्यायचा असेल तर आधी विचारा. पारंपरिक कुयरी सगळ्यांची असली, तरी एखाद्याने स्वतः बसवलेली नवी नक्षी त्याची असते, आणि ती छापून विकली गेली तर त्याचंच नुकसान होतं. घरच्या आमंत्रणाला बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. मग मेलच्या तळाशी, काठाच्या खाली, लहान अक्षरांत 'नक्षी: हिमरू, छत्रपती संभाजीनगर' एवढी ओळ घाला. परदेशातल्या भाचीला ती ओळ वाचून हिमरू म्हणजे काय असा प्रश्न पडू शकतो, आणि तो ती बहुधा त्याच मेलच्या उत्तरात विचारेल.

पाठवण्याआधी मेल स्वतःलाच पाठवून तीन ठिकाणी उघडा: संगणकावर, मोबाइलवर, आणि डार्क मोड चालू केलेल्या मोबाइलवर. त्यानंतर चित्रं बंद करून एकदा पाहा. पदर आणि काठ गेल्यावरही कोण, कुठे, कधी हे तिन्ही कळलं तर सगळ्यांना पाठवा. थरांसकट मूळ फाइल, गिंपची एक्ससीएफ किंवा फोटोशॉपची पीएसडी, जपून ठेवा. पुढच्या वर्षी दिवाळीला फक्त काठाचा रंग बदलावा लागेल.